एकतर्फी फैसला

मोबाइलचा पंचनामा करणारे गृहस्थ मी आयुष्यात एकच पाहिले, आणि ते नेमके माझे मोठेबाबा, म्हणजे वडलांचे थोरले भाऊ, निघाले. एका सकाळी उठून बघतात तर मेसेजच्या अ‍ॅपमधलं खाली उजवीकडचं बटण वर डावीकडे गेलेलं. दुसरा कोणी चरफडला असता आणि दोन दिवसांत वर बोट लावायला शिकला असता. मोठेबाबांनी विहाराच्या ओट्यावर बसलेल्या दोघांना पंच म्हणून बोलावलं, मोबाइल पायरीवर ठेवला आणि तोंडी पंचनामा सुरू केला.

"काल सांजपावतर सदर बटन आपल्या जागेवर कायम होतं. आज पायतो त हलवल्या गेलं. कबजेदाराले नोटीस नाई, हरकत मागवली नाई. एकतर्फी फैसला. पंचायले मंजूर?"

पंचांपैकी एकाकडे तसलं अ‍ॅपच नव्हतं. तरी तोही मंजूर म्हणाला, कारण पंचनाम्यानंतर मोठेबाबा चहा पाजतात.

मोठेबाबा महसूल खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झाले. नोकरीभर त्यांनी तेलुगूतले अर्ज वाचले, उर्दू शब्दांत शेरे मारले आणि तेलंगणातल्या बेल्याच्या मराठी घरात येऊन गप्प बसले. निवृत्तीनंतर मुलानं मोबाइल घेऊन दिला आणि त्यांना पुन्हा कचेरी मिळाली. फरक एवढाच, की आता ते टेबलाच्या अलीकडच्या बाजूला होते.

कंपन्यांच्या प्रत्येक निर्णयावर त्यांचं मत असे. नव्या मोबाइलच्या डब्यात चार्जर निघाला नाही, तेव्हा म्हणाले, "हे म्हंजे वावर देल्लं अन् वावरात जाची वाट नाई देल्ली. वहिवाटीचा दावा होते याच्यावर." सिनेमे दाखवणाऱ्या एका कंपनीनं ठरवलं, की एका वर्गणीवर एकाच घरानं पाहायचं. मी राहतो गुडीहत्नूरला, तिथल्या शाळेत मास्तर, ते बेल्याला, आणि दोघं एकाच वर्गणीवर. मोठेबाबा भडकले. "घर म्हंजे काय, हे कंपनी ठरवन? आपली वाटणी झाली का? चूल येगळी असन, पन वाटणीची नोंद कुठी हाय?" ती वर्गणी मुळात माझ्या मेव्हण्याची होती, हे मी त्यांना सांगितलं नाही. नोंदीचा प्रश्न उगाच वाढला असता.

एखाद्या अ‍ॅपनं 'आम्हाला तारे द्या' म्हटलं, की ते तीन देत. कितीही आवडलं तरी तीन. "पाच देल्ले त मंग तरक्की कशावर करनार?"

मी हसायचो. माझी पद्धत वेगळी. कंपनीनं काही विचारलं की मी न वाचता 'सहमत आहे' वर बोट ठेवतो. घरीही मी याच पद्धतीनं इतकी वर्षं काढली. त्यामुळे मोठेबाबा मला कौतुकानं 'मास्तर' म्हणत नाहीत, हे मला ठाऊक आहे.

"मास्तर, तुयासारख्यायच्यानंच कंपन्या माजल्या," ते म्हणायचे. "मत देल्लं पायजे. ते काऊन इचारतात मंग?"

एवढं बोलणारा माणूस घरात मात्र दोन शब्दांत भागवायचा. मोठ्या आईशी, म्हणजे बायकोशी, त्यांचं बोलणं म्हणजे 'चहा' आणि 'चष्मा'. त्यातला 'चष्मा' आता तिच्याकडे मागून उपयोग नव्हता; काचबिंदूनं मोठ्या आईचे डोळे जवळजवळ गेले. टीव्हीतला तिला फक्त उजेड दिसे. पण संध्याकाळची मराठी मालिका ती कानांनी पाहत असे. मालिकेतली सुनंदा नावाची सून हे तिचं रोजचं माणूस. लेक नागपूरला, सुना आपापल्या नोकरीवर; सुनंदा तेवढी रोज यायची.

मग डिशवाल्या कंपनीनं आमच्या भागातून मालिकेचं ते मराठी चॅनेल काढलं. तेलंगणात ते फारसं कोणी पाहत नाही, म्हणे. त्याच पैशात एक तेलुगू चॅनेल जास्तीचं दिलं.

मोठेबाबांनी पंचनामा केला नाही. सरळ फोन लावला. मी समोरच बसलो होतो. पलीकडून एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, आप तेलंगाना में हैं, तेलुगु पैक आपके लिए ज़्यादा अच्छा रहेगा."

"मोहतरमा," मोठेबाबा म्हणाले, "मैं तेलंगाना में हूँ. लेकिन मेरी बीवी के कान मराठी में हैं."

ती म्हणाली, की आपली तक्रार पुढे पाठवली आहे. शेवटी यंत्राचा आवाज आला: आमची सेवा आवडली असेल तर एक दाबा, नसेल तर दोन. मोठेबाबांनी दोन्हींतलं काहीच दाबलं नाही. मत न देता फोन ठेवताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

आत खाटेवरून मोठी आई म्हणाली, "राहू द्या ना. काय त्या सुनंदाचं एवढं." आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

दोन-तीन आठवड्यांनी शनिवारी बेल्याला गेलो, तर टीव्हीवर तेलुगू मालिका चालू. मोठेबाबा खाटेजवळ खुर्ची ओढून बसलेले, आणि चक्क बोलत होते.

"तेच मालिका हाय. तेलुगूत केली त्यायनं. मी सांगतो तुले."

मास्तर असल्यानं तेलुगू मलाही येतं. पडद्यावर एका मोठ्या हवेलीत मिशाळ माणूस पिस्तूल रोखून उभा होता आणि 'तुझ्या वंशाचा दिवा विझवीन' अशा अर्थाचं काही ओरडत होता.

मोठेबाबांनी त्याचं मराठी केलं, "हा सुनंदाचा दीर. म्हणते, वैनी, वावराची फेरफार नोंद झाली, आता काई काळजी करू नको."

"आरडून काऊन राह्यला मंग?" मोठ्या आईनं विचारलं.

"आनंद झाला त्याले."

मी तोंडावर रुमाल धरला. पुढच्या शनिवारीही तेच. पडद्यावर विषप्रयोग होत होते, लग्नं मोडत होती, आणि मोठेबाबांच्या मराठीत सुनंदाच्या सासूचं पेन्शन मंजूर होत होतं. त्यांच्या मालिकेत दुष्ट माणूस टिकतच नसे. एखादा असला तर दोन दिवसांत समजूत पटून तो पंच म्हणून हजर व्हायचा. सुनंदाचा नवरा रोज कचेरीतून घरी यायचा आणि आधी विचारायचा, "सुनंदा, जेवली का?"

मला त्यांची दया आली. या वयात रोज एक भाग रचायचा म्हणजे काय गंमत आहे? मी ठरवलं, हा त्रास आपण संपवायचा. पैनगंगेच्या पलीकडे, महाराष्ट्रात, माझा साडू राहतो. त्याच्या पत्त्यावर त्याच डिशवाल्या कंपनीचा नवा सेट-टॉप डबा घेतला, मोटरसायकलवर मांडीशी धरून नदी ओलांडली आणि रविवारी संध्याकाळी बेल्यात जोडला. डिशची छत्री तीच, आभाळ तेच. सुनंदा आली.

मी मागे वळून पाहिलं. कौतुकाची वाट पाहत होतो म्हणा ना.

मोठेबाबा खुर्चीवरून उठले. "बरं केलं, मास्तर. सोय झाली तिची." खुर्ची उचलून त्यांनी भिंतीला लावली, आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. टीव्हीवर सुनंदा आपल्या जुळ्या बहिणीवर किंचाळत होती.

मोठी आई थोडा वेळ ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "बाबू, हे काढता येते का?"

"आवाज कमी करू?"

"नाई. हे चॅनेलच. त्यायले न सांगता."

मला काही कळेना. मी म्हटलं, "मोठी आई, ते तेलुगूतलं तुला सांगतात ना, ते सगळं मनचं असते."

"मले मालूम हाय," ती म्हणाली. "मले तेलुगू येते."

मोठेबाबा मंचेरियलला बदलीवर होते, तेव्हाची गोष्ट तिनं सांगितली. भाड्याच्या खोलीच्या आजूबाजूला कोळसा खाणीतल्या कामगारांची घरं. हे कचेरीत गेले, की दुपारभर ती त्या बायांमध्ये बसायची. त्यांच्याकडूनच तेलुगू शिकली, त्यांच्यासारखंच रांगडं. "एकडाव यायच्यासमोर बोलली. हे हासले. वाईट नाई हासले, पन हासले. मंग म्या यायच्यासमोर कधीच नाई बोलली. त्यायले अजून वाटते, मले येत नाई."

"म्हणजे त्या पिस्तूलवाल्याचं..."

"सारं समजते. रोज कोनी ना कोनी मरते तिथी." ती हसली. मग तिचा हात चादरीवरून खुर्चीच्या जागेकडे गेला. तिथे खुर्ची नव्हती. "सारा जलम या मानसानं मले जेवली का म्हून इचारलं नाई, बाबू. आता सुनंदाले रोज इचारते."

बाहेर ओट्यावर मोठेबाबा एकटेच बसले होते. समोर मोबाइल होता, पण त्याच्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

मी टीव्हीमागे गेलो. नव्या डब्याची वायर काढली, जुन्याची लावली. जुळी बहीण गेली आणि पडद्यावर हवेली आली.

"मोठेबाबा," मी हाक मारली, "चॅनेल गेलं बघा."

ते आत आले. टीव्हीकडे पाहिलं. टीव्हीमागच्या वायरींकडे पाहिलं का, हे मला सांगता येणार नाही. माझ्याकडे मात्र पाहिलं, आणि पुष्कळ वेळ पाहिलं. नंतर घसा खाकरला.

"सदर चॅनेल आत्ता इतल्यात चालू होतं. नोटीस न देता बंद केल्या गेलं. पंच एक, मास्तर. दुसरा पंच कोन?"

"मी हाव," खाटेवरून आवाज आला.

"एकतर्फी फैसला," मोठेबाबा म्हणाले. "पंचायले मंजूर?"

"मंजूर," मोठी आई म्हणाली.

आयुष्यात पहिल्यांदा मी नीट वाचून सहमत झालो. "मंजूर."

त्यांनी भिंतीजवळची खुर्ची उचलून खाटेजवळ आणली. पडद्यावर मिशाळ माणूस कोणाच्या तरी चितेसमोर शपथ घेत होता. मोठेबाबांनी क्षणभर विचार केला.

"हा सुनंदाचा नवरा. कचेरीतून आला. म्हणते, सुनंदा, जेवली का?"

मोठ्या आईनं डोळे मिटले.

"नाई म्हना," ती म्हणाली. "थांबली म्हना त्याच्यासाठी."