मौन, पकड आणि सात हात केबल

"केबल कधी मोडायची नाही, ताई! बाटलीभोवती फिरवल्यासारखी अलगद वळवायची. नाहीतर आतली तार दुखावते!"

हे आमच्या कारखान्यातल्या मुकादमांचं वाक्य. कोॲक्सियल, म्हणजे टीव्हीला असते तसल्या, केबलचे वीतभर तुकडे वळवून खोक्यांत बसवण्यात माझी अठरा वर्षं गेली. म्हणूनच परवा सासूबाईंना छातीठोक सांगितलं, "उद्या अकराच्या बातम्या तुम्ही पलंगावरूनच बघणार. माझा शब्द!"

नणंद पहिल्यांदाच टीव्हीवर बातम्या देणार होती, आणि सासूबाईंचा पाय नेमका प्लास्टरमध्ये! टीव्ही त्यांच्या खोलीत नेऊन हॉलमधून केबल तेवढी ओढायची होती.

एवढंच विसरले की, रोज दुपारी बारापर्यंत माझं मौन असतं. नेम म्हणजे नेम!

सकाळी हे पकड घेऊन हजर. मी दोन बोटं कात्रीसारखी हलवली आणि जोरजोरात मान हलवली. म्हणजे, कापू नका!

"कळलं, कळलं!" म्हणत ह्यांनी कचकन कापली. मी कपाळावर हात मारला. ह्यांना वाटलं, कपाळाएवढे तुकडे हवेत. आणखी दोनदा कच्च!

सात हात केबलचे चार तुकडे, आणि घरात कनेक्टर दोनच! वळणासाठी मी हातांनी बाटली दाखवली, तर हे पाणी घेऊन आले. शेवटी पावडरच्या डब्याभोवती तीन तुकडे वळवून जोडले. केबल जेमतेम खोलीच्या दारापर्यंत पोचली. मग टीव्ही दारात, पलंग टीव्हीला चिकटून, आणि आम्ही दोघं बाहेर हॉलमध्ये अडकलेले!

अकरा वाजले. टीव्हीवरून आत डोकावलो, तर चित्र लख्ख! नणंदेचे ओठ हलताहेत, आवाज मात्र नाही.

"अगंबाई, हिनंही मौन धरलं की काय?" सासूबाई रडकुंडीला आल्या.

आवाज आदल्या दिवशी जपाच्या वेळी मीच बंद केला होता. रिमोट त्यांच्या उशीखाली. मी गालाखाली तळवे जोडून उशी दाखवली.

"झोपू? आत्ता?"

"केबलच खराब! पुन्हा कापतो!" ह्यांनी पकड उगारली.

"अहो, थांबा! आई, उशीखालचा रिमोट घ्या, आवाज वाढवा!"

लेकीचा आवाज घरभर घुमला. सासूबाईंनी पदरानं डोळे टिपले.

मौनात जितके शब्द निघतील तितके दिवस पूर्ण मौन, असं मी देवाला कबूल केलेलं. बारानंतर ह्यांना सांगितलं. ह्यांनी माझे शब्द बोटांवर मोजले. "आठ दिवस!" चेहरा असा उजळला, जणू बढती मिळाली! "अजून दोन शब्द बोलली असतीस, तर दहा झाले असते गं!"

उत्तर अगदी जिभेवर होतं. ह्यांच्या हातातली पकड तेवढी काढून घेतली, देवापुढे दिवा लावला आणि ओठ मिटले.

म्हणून तर हे लिहून सांगतेय. आज पहिलाच दिवस आहे.