तापाच्या गोळ्यांतली अंगठी

फाटलेला हातमोजा बदलताना नेव्हिलचं लक्ष स्वतःच्या बोटाकडे गेलं. बोट जागेवर होतं, पण त्यातली साखरपुड्याची अंगठी नव्हती.

खरं म्हणजे ती तिथे असायलाच नको होती. मरोळच्या त्या औषधांच्या कारखान्यात अंगठी, घड्याळ, गळ्यातला क्रॉस, सगळं लॉकरमध्ये ठेवूनच आत यायचं असा कडक नियम होता. नेव्हिल औषधनिर्माण तंत्रज्ञानाची पदवी घेतलेला मुलगा. हा नियम त्याने परीक्षेत कारणांसकट लिहून मार्क मिळवले होते. पण गेल्या रविवारी मनोरीला शॅरनशी त्याचा साखरपुडा झाला, फादरनी अंगठीवर पाणी शिंपडलं आणि होणाऱ्या सासूबाई एव्हलिन यांनी त्याचं बोट मुठीत धरून बजावलं, "लग्नापर्यंत ही काढायची नाय हां. काढली की लगीन मोडतं." पदवीपुढे सासू जिंकली. अंगठी सैल होती, तरी नेव्हिल रोज दोन-दोन हातमोजे चढवून नियमाचं आणि सासूचं, दोघांचं मन राखत होता.

आज सकाळी मात्र घोटाळा झाला. एव्हलिनबाई दुपारी जेवायला येणार, आणि मम्मीचं मनगट दुखत होतं. म्हणून फुग्यांचं, म्हणजे तळायच्या गोल पावांचं पीठ नेव्हिलनेच फेटून दिलं. त्यात उशीर झाला, घाईत हातमोज्यांची एकच जोडी चढवली, आणि पावडर मिसळायच्या अवाढव्य ब्लेंडरमध्ये तापाच्या गोळ्यांची पावडर भरताना नेमकी तीच फाटली.

त्याने फाटका हातमोजा उलटा करून झटकला. फरशी पाहिली. मग तो गुणवत्ता विभागातल्या अस्मिताजवळ गेला.

"अस्मिता, माझी वाट लागली. अंगठी ब्लेंडरमध्ये पडली."

"तू अंगठी घालून आत आलास? येडा आहेस का रे?"

"हळू बोल ना यार!"

"हळू काय? आता पावडर मशीनवर जाणार. गोळ्या दाबणारे पोलादी पंच अंगठीवर आपटून तुटतील. त्यांचे कण लोकांच्या पोटात घालणार तू?"

"आणि सांगितलं तर?"

आज संध्याकाळी नेव्हिलला नोकरीत कायम करण्याच्या कागदावर सही व्हायची होती, हे अस्मितालाही ठाऊक होतं. एव्हलिनबाईंची दुसरी अटही तिला ठाऊक होती: कायम झाल्याशिवाय लग्नाची तारीख नाही. सांगितलं तर नोकरी जाणार, नोकरी गेली की शॅरन जाणार. न सांगावं तर शिकलेलं सगळं पाण्यात. इकडे आड, तिकडे विहीर, आणि नेव्हिल मधे उभा, घामाने निथळत.

तेवढ्यात उत्पादनाचे प्रमुख हर्षद टिपणीस आत आले. काचेपलीकडच्या मार्गिकेत एका मोठ्या गिऱ्हाईक कंपनीची तपासनीस मंडळी उभी होती. हर्षद सर जुन्या पठडीतले. यंत्राने काहीही सांगो, पावडर स्वतःच्या मुठीत दाबून पाहिल्याशिवाय त्यांचं समाधान होत नसे. आजही सकाळी त्यांनी हातमोजा काढून, कोपरापर्यंत हात घालून मूठ भरून पाहिली होती आणि "झकास!" असा निकाल दिला होता. अशा वेळी बाकीचे छताकडे बघत.

"चला, मशीन सुरू करा," सर म्हणाले.

ऑपरेटरचं बोट बटणावर गेलं. नेव्हिलच्या डोळ्यांसमोर शॅरन आली, एव्हलिनबाई आल्या, आणि मग का कोण जाणे, तापाने फणफणलेलं कुणाचं तरी पोर आलं.

"थांबा!" तो ओरडला. "सर, पावडरीत माझी अंगठी आहे."

हर्षद सरांनी पाहुण्यांसाठी डोळ्यांत हसू तसंच ठेवलं आणि मास्कच्या आतून दात-ओठ खात त्याला सोलून काढलं. "गाढवा! लाज नाही वाटत? पहिला नियम काय? हातात काही नको! डिग्री काय लॉटरीत लागली? संध्याकाळचा कागद विसर आता!"

मग ब्लेंडर रिकामा करायला घेतला. पावडर थोडी थोडी चाळणीवरून जाऊ लागली. काचेला नाकं लावून पाहुणे बघत होते. नेव्हिल मनातल्या मनात जेजूला, म्हणजे येशूला, हाका मारत होता, पण अंगठी सापडू दे म्हणावं की नको, हेच त्याला ठरवता येत नव्हतं. शेवटी चाळणीत काहीतरी टणकन वाजलं.

अस्मिताने ते चिमट्याने उचललं. अंगठीच होती. जाडजूड, आणि तिच्यावर शेंगदाण्याएवढं पोवळं.

"सर," नेव्हिल चाचरत म्हणाला, "ही माझी नाही."

हर्षद सरांनी उजवा हात खिशात लपवायला नेला. पण त्या कपड्यांना खिसे नसतात, तेही नियमानेच.

"मंगळ कडक आहे रे," ते इतक्या हळू बोलले की पाहुण्यांना ऐकू जाऊ नये. "गुरुजी म्हणाले, वर्षभर काढू नका."

बाहेर येऊन नेव्हिलने लॉकर उघडला, तर मोबाइल गुरगुरतच होता. पलीकडे मम्मी, म्हणजे इनेझबाई.

"मेल्या, फोन का उचलत नाय? तुझी अंगठी गावली!"

"कुठे?"

"फुग्यात! पीठ कोणी फेटलं? एव्हलिनच्या दाताखाली आली."

"मग... लगीन?"

"ती म्हणते, तू काढली नाय, आपसूक निघाली, म्हणजे चालतं. पण तिच्या कवळीचं काय ते तू बघ."

संध्याकाळी कायम करण्याच्या कागदावर सही झाली. सही करताना हर्षद सरांनी मान वर केली नाही. पाहुणे खूश होते. स्वतःहून मशीन थांबवणारा माणूस त्यांना फार दिवसांनी दिसला होता. त्यांच्याच आग्रहावरून कपडे बदलण्याच्या खोलीत प्रत्येकाचे हात तपासायचं काम नेव्हिलला मिळालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलेच हर्षद सर आले.

"सर, हात."

सरांनी मुकाट्याने दोन्ही हात पुढे केले. बोटं मोकळी होती. नेव्हिलने मान डोलावली, सर आत निघाले, आणि निघाले ते किंचित लंगडत. नेव्हिलने ते लंगडणं लगेच ओळखलं. सकाळी पायमोजा चढवताना त्याने आपली अंगठी पायाच्या बोटात सरकवली होती, आणि तीही तशीच बोचत होती. तो गुपचूप त्यांच्यामागे चालू लागला.

अस्मिताने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "काय झालंय तुम्हाला? असे का चालताय?"

"नवे बूट," दोघं एकदम म्हणाले.