बारा बाजूंचं घड्याळ

धोंडप्पांनी घड्याळ फळीवर ठेवलं, दोन पावलं मागे सरकून पाहिलं, मग आणखी तीन पावलं सरकून पाहिलं आणि शेवटी थेट उंबऱ्याबाहेर जाऊन पाहिलं. कुठूनही पाहिलं तरी ते देखणंच दिसत होतं. चांदीसारखी झळकणारी बारा बाजूंची चौकट, दुधासारखी पांढरी तबकडी, आणि तबकडीवर आकडा औषधालासुद्धा नाही. आकड्यांच्या जागी बारा बारीक पितळी ठिपके, सगळे एकसारखे. कुठल्याही बाजूवर बसवा, डुगडुगायचं नाव नाही. किंमत बत्तीस रुपये.

"आकडं कुटं हायत?" मेहुणे कल्लप्पांनी विचारलं.

"न्हाईत. तीच तर त्याची शान हाय."

"म्हंजे दाजी, आकडं काडून टाकायचं सत्तावीस रुपयं जास्ती दिलं व्हय तुमी?"

हा हिशेब कल्लप्पांच्या तोंडी आयता होता, कारण त्यांच्या घरी पाच रुपयांचं पत्र्याचं घड्याळ होतं. आकडे केवढाले, डोक्यावर दोन घंटा, आणि आवाज असा की गल्लीतली कुत्री उठून बसत. पण धोंडप्पांना आता अशा घड्याळावर भागवता येणार नव्हतं. रविवारी अकरा वाजता अक्कलकोटचे सिद्रामप्पा आपल्या मुलासाठी त्यांच्या लेकीला, मल्लव्वाला बघायला येणार होते, आणि सिद्रामप्पा म्हणजे वेळेचे भारी पक्के. मागे एका घरी पानं पाव तास उशिरा वाढली, तर ते पाणीसुद्धा न पिता उठले होते. मल्लव्वाचं नशीब त्या अकराच्या ठोक्यावर टांगलेलं होतं. अशा माणसापुढे पत्र्याचं घड्याळ ठेवायचं, याला धोंडप्पांचं मन घेईना. घोंगड्यांचं दुकान चालवता चालवता त्यांना एवढं कळलं होतं, की गिऱ्हाईक आधी काठ बघतं आणि मग ऊब विचारतं.

रविवारी पहाटेपासून घरात नुसती धावपळ. धोंडप्पांच्या पत्नी गंगम्मांनी घर सारवलं, समया घासल्या आणि यजमान आंघोळ करून पूजेला बसले तेव्हा घड्याळही पदराने लख्ख पुसून परत फळीवर ठेवलं. पुसण्याआधी ते एका बाजूवर बसलं होतं, पुसल्यानंतर शेजारच्या बाजूवर बसलं. फरक कुणाच्याच लक्षात आला नाही. तबकडी कुठूनही सारखीच दिसावी, याचेच तर जास्तीचे सत्तावीस रुपये होते. गंगम्मांना घड्याळ कळत नसे. त्यांचा दिवस गिरणीच्या भोंग्यावर चाले, आणि रविवारी गिरणी बंद.

धोंडप्पा पूजेवरून उठले आणि त्यांनी पाहिलं, तर साडेनऊ.

"ऐ शिवा," ते खालच्या आवाजात म्हणाले, "येवडा वेळ गेला पूजेत? आज मन लई लागलं हुतं."

आपल्या भक्तीचं कौतुक करायलाही आता वेळ नव्हता. त्यांनी घरभर धांदल उडवून दिली. हुग्गीच्या खिरीतले गहू अजून शिजताहेत, तोवर गूळ पडला. मल्लव्वाला घाईघाईने इरकल नेसवलं. घड्याळात अकरा झाले तेव्हा सगळे दाराकडे तोंड करून रांगेत उभे होते. सव्वाअकरा झाले. साडेअकरा झाले. रस्त्यावर टांग्याचा पत्ता नव्हता.

"दाजी, मी निगालो तवा माझ्या घड्याळात सव्वादहाबी वाजलं नव्हतं," आताच येऊन टेकलेले कल्लप्पा म्हणाले.

"तुज्यात," धोंडप्पा म्हणाले. तो एकच शब्द त्यांनी असा उच्चारला की पाच रुपयांची किंमत त्यात सगळी आली.

घड्याळात बारा वाजले आणि धोंडप्पांचा धीर सुटला. वेळेचा पक्का माणूस तासभर येत नाही, म्हणजे तो येणारच नाही. नकार कळवायचीसुद्धा तसदी घेतली नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते दिसू नये म्हणून ते ओरडले, "वाढ गं. आपुन तरी जेवू."

मल्लव्वा आत गेली, इरकल घडी करून ठेवलं आणि रोजचं लुगडं नेसून चुलीपुढे बसली. धोंडप्पा आणि कल्लप्पा पानावर बसले. हुग्गीचा दुसरा घास तोंडात असतानाच दारात टांगा थांबला.

सिद्रामप्पा खाली उतरले, कोटाच्या खिशातून साखळीचं घड्याळ काढलं आणि समाधानाने म्हणाले, "अकरा. आलो का न्हाई टायमात?"

मग त्यांना पानं दिसली. यजमान जेवताना दिसले. त्यांच्या कपाळावर आठी उमटू लागली. आत गंगम्मांच्या हातातली पळी तशीच थांबली. धोंडप्पांना तर तोंड उघडणं शक्यच नव्हतं, घास मोठा होता. त्यांनी हुग्गीने माखलेला हात उचलला आणि मुकाट्याने फळीकडे दाखवला.

सिद्रामप्पांनी वळून पाहिलं. बारा वाजून पाच मिनिटं. पुढे होऊन त्यांनी ती चौकट पाहिली, ते ठिपके पाहिले. खिशातलं घड्याळ हलवून कानाला लावलं.

"माझ्यातबी आता अकराच असत्याल," कल्लप्पांना राहवलं नाही. "म्हनत असाल तर पळत जाऊन आनतो."

"तुमचं केवड्याचं?" सिद्रामप्पांनी विचारलं.

"पाच रुपयं."

"आन हे?"

"बत्तीस," घास गिळून धोंडप्पा म्हणाले.

"मग झालं की." सिद्रामप्पांनी कोट काढून खुंटीला लावला. "आमचं वडलांच्या वक्ताचं हाय. मागं पडलं असंल. गाडीबी उशिरा आली असनार. तास वाट बघून तुमी पानावर बसला, ते बराबरच केलं. मी असतो तर मीबी बसलो असतो. आता काय त्वांडानं बोलू? माफी असावी."

ज्या माणसाने पाव तासासाठी ताट सोडलं होतं तो आता हात जोडून उभा होता. अशा माणसाला पुढे नखरे कसले सुचणार? अर्धी कच्ची हुग्गी त्यांनी दोनदा मागून घेतली. रोजच्या लुगड्यातली मल्लव्वा बाहेर आली तेव्हा "साधी हाय, घर राखंल" म्हणाले आणि तिथेच तिच्या ओटीत नारळ घातला. निघण्याआधी आपलं घड्याळ त्यांनी फळीवरच्या घड्याळाशी मिळवून घेतलं. धोंडप्पा टांगा दिसेनासा होईपर्यंत रस्त्यात उभे होते, आणि घरात आल्यावर त्यांनी घड्याळाला चक्क नमस्कार केला.

सोमवारी सकाळी गिरणीचा सातचा भोंगा झाला. घड्याळात आठ वाजून पाच मिनिटं झाली होती.

"गिरनी आज लेट हाय," धोंडप्पा म्हणाले.

"गिरनी कदी लेट असती का?" गंगम्मा म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "अहो, काल मी ते पुसून ठिवलं. कुटल्या अंगावर ठिवायचं असतं?"

धोंडप्पा हळूच उठले. त्यांनी घड्याळ एक बाजू मागे फिरवलं. सात. म्हणजे काल दारात टांगा थांबला तेव्हा खरोखरच अकरा वाजले होते. गंगम्मांनी करंडा आणला आणि वरच्या ठिपक्यावर कुंकवाचं बोट टेकवलं. तेवढ्यात आलेल्या कल्लप्पांनी ते पाहिलं आणि ते पोट धरून खाली बसले.

"बत्तीस रुपयांचं घड्याळ, दाजी. बोटभर कुंकू लावलं तवा कुटं टाइम कळला."

गुरुवारी अक्कलकोटहून पत्र आलं. चूक कळली असणार, असं धरूनच धोंडप्पांनी ते फोडलं. सिद्रामप्पांनी लिहिलं होतं, की परतीची गाडी एक तास पाच मिनिटं उशिरा आली, स्टेशनावरचं घड्याळ तेवढंच मागे होतं आणि तसं आपण मास्तरांना तोंडावर सांगून आलो. अक्कलकोटातली सगळी घड्याळंही तशीच मागे निघाली. आपल्या मुलखात खरी वेळ एका तुमच्याच घरी आहे. मुलगी पसंत आहेच. देण्याघेण्याचं काही नको, फक्त ते घड्याळ मुलीबरोबर यावं.

धोंडप्पांनी पत्र तीनदा वाचून दाखवलं. लग्न ठरलं होतं. मल्लव्वा आत पळाली. आनंदाने त्यांना काही सुचेना, आणि मग एकदम सुचलं.

"कल्लप्पा, ते तुजं पत्र्याचं कुटल्या दुकानात घेतलंस?"

गंगम्मा मात्र फळीपाशी गेल्या. ओल्या पदराने त्यांनी ठिपक्यावरचं कुंकू पुसलं, घड्याळ एक बाजू पुढे फिरवलं आणि आता वर आलेल्या ठिपक्यावर नवं बोट लावलं.

"अगं, हे काय करतीस? चुकलं की परत."

"पोरगी तितं नांदायची हाय," गंगम्मा म्हणाल्या. "सासऱ्याचा टाइम खरा ठिवाय नको?"