कागदाएवढी फट

साखरपुड्याच्या दिवशी नवरीची नथ प्लास्टिकच्या डबीतून निघता कामा नये, एवढंच यतीनने ठरवलं होतं. ठरवताना त्याच्या मनात कुणाचं वाईट नव्हतं. (त्याच्या मनात कधीच कुणाचं वाईट नसतं. म्हणूनच विनयाला, म्हणजे त्याच्या बायकोला, जास्त धास्ती वाटते.)

यतीन जयपूरच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. वय एकोणतीस, आणि जग सुधारायला आधीच फार उशीर झालाय याची पक्की खात्री. तिथल्या मानसरोवर भागातल्या आपल्या फ्लॅटमधून त्याने प्लास्टिक हद्दपार केलं होतं. डबे गेले, बादल्या गेल्या, कपड्यांचे चिमटे गेले. कूलरच्या टाकीचं बूच हरवलं, तेव्हा बाजारात मिळणारं बूच प्लास्टिकचं निघालं, म्हणून तेही आलं नाही. त्या भोकात चिंधी कोंबलेली असे. ती दिवसाआड सुटायची आणि हॉलमध्ये तळं साचायचं. विनया लहान मुलांची डॉक्टर. हॉस्पिटलातून दमून आल्यावर फरशी पुसता पुसता ती म्हणायची, "मला एक बूच हवंय, यतीन. क्रांती नकोय."

पण क्रांती सुरू झाली होती. वस्तू स्वतःच्या हाताने घडवायच्या म्हणून यतीन सहा महिने दर रविवारी विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात भंवरलालजींकडे जात होता. भंवरलालजी खरादी, म्हणजे आपल्याकडे ज्याला कातारी म्हणतात ते. लेथवर लाकूड फिरवायचं आणि त्याला पटाशी लावून घाट द्यायचा, हे त्यांचं पिढीजात काम. त्यांच्याकडे शिसवीची एक गाठ होती. बनी पार्कातल्या कुठल्याशा बंगल्यात वठलेल्या झाडाच्या बुंध्याला आलेली. कापल्यावर तिच्या आत अशा रेषा निघाल्या की कुणी साचलेल्या पाण्यात बोट फिरवून उठून गेलंय, आणि मध्ये मध्ये मोरपिसासारखे डोळे. असं लाकूड भंवरलालजींनी अख्ख्या आयुष्यात दोनदा पाहिलं होतं. ते त्यांनी यतीनला देऊन टाकलं.

"मला का?" यतीनने विचारलं.

"इसे देखकर आप चुप हो गए थे, बाबूजी. पढे-लिखे लोग जरा कम चुप होते हैं."

या गाठीची आधी फुलदाणी होणार होती. पहिल्याच रविवारी पटाशी अडकली, काठाचा टवका उडून समोरच्या कॅलेंडरला लागला, आणि फुलदाणीचा वाडगा झाला. पुढे वाडग्याच्या बुडाला भोक पडलं आणि वाडग्याची डबी झाली. "होऊ दे," विनया म्हणाली, "दिवाळीपर्यंत दात कोरायची काडी नक्की होईल."

पण डबी खरंच देखणी झाली. झाकणावर छोटीशी बोंडी, आणि पोटापासून झाकणापर्यंत पसरलेला एक मोरपिशी डोळा. झाकण बसवायची वेळ आली तेव्हा भंवरलालजी म्हणाले, "कागज जितनी जगह छोड दो. लकडी सांस लेती है."

"नाही नाही, भंवरलालजी, एकदम परफेक्ट चाहिए. लावलं की 'ठप्प' आवाज आला पाहिजे."

"आवाज तो आएगी," भंवरलालजी म्हणाले, आणि चहा सांगायला उठले.

साखरपुडा विनयाच्या धाकट्या बहिणीचा, उत्कर्षाचा. नवरामुलगा कॅप्टन निलय, त्याचं पोस्टिंग जयपूरला, म्हणून कार्य यतीनच्याच घरी. सासूबाई तारामतीबाई सांगलीहून आदल्या दिवशी आल्या. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. लग्नाला तीन वर्षं झाली तरी जावयाच्या कुठल्याही पराक्रमाला त्यांच्याकडून "बरं आहे" याच्या वर श्रेणी मिळाली नव्हती. यतीनला एकदाच, फक्त एकदाच, "वा" हवं होतं. त्यांच्या आईची मोत्यांची नथ त्याने मागून घेतली, कापसात गुंडाळून डबीत ठेवली, झाकण दाबलं. ठप्प!

"बरं आहे," सासूबाई म्हणाल्या.

येणाऱ्या प्रत्येकाला दिसावी म्हणून डबी त्याने हॉलमधल्या उंच टेबलावर ठेवली. कूलरच्या बरोबर समोर. जूनचा महिना, घरात पाहुणे. कूलर क्षणभरही बंद नव्हता.

सकाळी अकरा वाजता तारामतीबाईंनी डबी हातात घेतली.

"यतीनराव, हे उघडायचं कसं?"

"अलगद, आई. नुसत्या दोन बोटांनी."

त्यांनी दोन बोटांनी पाहिलं. पाचही बोटांनी पाहिलं. मग पदर कमरेला खोचून पाहिलं.

"जिजू, नथ!" आतल्या खोलीतून उत्कर्षा ओरडली. "माझं सगळं झालंय, फक्त नाक राहिलंय!"

यतीनने झाकण फिरवलं. झाकण हललं नाही, यतीनच फिरला. विनयाने हेअर ड्रायर आणला. त्याने डबी छान गरम झाली, एवढंच.

तेवढ्यात व्याही मंडळी आली. पुढे निलयचे आजोबा, निवृत्त सुभेदार हिंदुराव. त्यांनी आयुष्यात कधी कुणाला उशीर होऊ दिलेला नव्हता. साडेअकराचा मुहूर्त त्यांनीच धरलेला.

"सरका," ते म्हणाले, आणि डबी दोन्ही तळव्यांत धरली. त्यांचा चेहरा लाल झाला, मग जांभळा झाला, मग शर्टाचं वरचं बटण उडून कूलरमध्ये गेलं. "पाकीट, ट्रंक, शत्रूचा दरवाजा, सगळं उघडलंय मी," ते धापा टाकत म्हणाले. "हे काय आहे?"

"शिसवीची गाठ," यतीन पुटपुटला.

अशा वेळी केशरी साफा बांधून भंवरलालजी दारात उभे राहिले. चारचौघांत आपल्या गुरूसमोर डबीचं कौतुक व्हावं म्हणून यतीननेच त्यांना आग्रहाने बोलावलं होतं. त्यांनी डबी घेतली, अंगठा फिरवला, कूलरकडे पाहिलं, यतीनकडे पाहिलं.

"इसके सामने रखी थी?"

यतीन चुप हो गया था.

"पानी पी गई, बाबूजी. फूल गई. धूप में रख दो, अपने आप खुलेगी. दो दिन में."

"दोन दिवस?" हिंदुरावांनी घड्याळ वर धरलं. "अकरा मिनिटं आहेत."

हातोडीचं नाव कुणीतरी काढलं. मोती फुटतील म्हणून विनयाने ते तिथेच दाबलं.

मग तारामतीबाई हळूच म्हणाल्या, "राहू दे. नथीवाचून काही अडत नाही. सहा महिने खपलेत यतीनराव त्या डबीवर." हे म्हणताना त्यांनी उत्कर्षाच्या खोलीकडे मात्र पाहिलं नाही.

यतीनने ते पाहिलं. तो आत गेला आणि करवत घेऊन आला.

"वेडा आहेस का?" विनया म्हणाली. "तुझी एवढी एकच गोष्ट धड झालीये."

"भंवरलालजी, कुठून कापू?"

भंवरलालजींनी झाकणाच्या खाली नखाने रेघ ओढली आणि तोंड भिंतीकडे केलं. यतीन घाई करणारा माणूस. पण त्या दिवशी त्याने करवत इतकी सावकाश चालवली की हिंदुरावांनीसुद्धा घड्याळ खिशात घातलं. मोरपिशी डोळा मधोमध दुभंगला. कापसाचा बोळा टेबलावर पडला. नथ शाबूत होती.

साडेअकराच्या ठोक्याला ती उत्कर्षाच्या नाकात होती, आणि उत्कर्षा रडू का हसू अशा बेतात जिजूकडे पाहत होती.

पेढे वाटून झाल्यावर तारामतीबाईंनी डबीचा वरचा तुकडा उचलला. झाकण अजूनही त्यात जसंच्या तसं गच्च. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, ओढून पाहिलं, परत ओढून पाहिलं.

"वा!" त्या म्हणाल्या.

यतीन दोन पावलं पुढे सरकला.

"लोणच्याच्या बरणीला असं झाकण जन्मात मिळालं नाही मला, यतीनराव. वा!"

तो तुकडा यतीनने गॅलरीत उन्हात ठेवला. बरोबर दोन दिवसांनी झाकण आपण होऊन सुटलं. ठप्प! त्याने ते पुस्तकांच्या कपाटात, सगळ्यांना दिसेल असं मांडलं.

पुढच्या सोमवारी कॉलेजातून आला तर कपाटात झाकण नव्हतं. आणि हॉलमध्ये तळंही नव्हतं.

"आज सकाळी भंवरलालजींकडे जाऊन आले," विनया म्हणाली. "बोंडी पकडायला ठेवली, बाकीचं निमुळतं करून दिलं त्यांनी. पाणी पितं, फुगतं, थेंब गळत नाही बघ." मग त्याचा चेहरा पाहून तिने त्याचा हात धरला. "ते म्हणाले, बाबूजींच्या लाकडाला योग्य काम मिळालं."

यतीन कूलरपाशी गुडघ्यावर बसला. तिथे, टाकीच्या तळाशी, अर्धा मोरपिशी डोळा त्याच्याकडे शांतपणे पाहत होता. फुलदाणी, वाडगा, डबी, बूच.

आता घरी येणाऱ्या प्रत्येकाला तो ते दाखवतो. त्यासाठी पाहुण्यांना फरशीवर आडवं व्हावं लागतं. बहुतेक जण होतात. परवा त्याच्या कॉलेजातले वरुणसर झाले. गाल जमिनीला टेकवून त्यांनी मोबाइलच्या उजेडात बराच वेळ रेषा पाहिल्या, उठून पँट झटकली आणि आपुलकीने यतीनच्या खांद्यावर हात ठेवला.

"छान आहे," ते म्हणाले. "पण सर, बाजारात प्लास्टिकचं मिळतं की."