शिकामूचा मान

"दिवाळीच्या आत स्वाहिली नाय बोलले, तर नावाची दगडाबाई नाय!" पुंडलिकनगरच्या गल्लीत अशी गर्जना करून दगडाबाई घरात शिरल्या. गल्लीत ऐकायला निदान एक कोथिंबीरवाली तरी होती. घरात तेवढंही कुणी नव्हतं.

लेक अंगद नोकरीला टांझानियात. तिथलीच बायको केली, लग्नही तिकडंच उरकलं. वरमाईचा मान राहिला तो राहिलाच! आता बाळ झालं, तर ते सदानकदा विहीणबाईच्या मांडीवर. दगडाबाईंनी आपलं फोनमधून बघायचं, परक्याच्या पंगतीकडं खिडकीतून बघावं तसं! विहिणीशी तिच्या स्वाहिलीत चार शब्द बोलता आले, तर ती बाळाला "ही तुझी दुसरी आजी" एवढं तरी सांगेल.

वरच्या खोलीत भाड्यानं राहणारी रेहेमा टांझानियाचीच. कॉलेजसाठी आलेली.

"आजी, पहिला शब्द शिकामू. म्हणजे पाय धरते. लहानानं म्हणायचं. मोठ्यानं म्हणायचं मराहाबा."

"मग मराहाबाच शिकव! मी वरमाई हाय. पाय मुलीकडच्यांनी धरायचे!"

"तिकडं वय बघतात, आजी."

दगडाबाईंनी जन्मभर वय चोरलं होतं. आज पहिल्यांदा वाढवलं. "ऐंशीची हाय मी!"

"परवा रिक्षावाल्याला साठ म्हणालात."

"त्याला काय करायचंय? तू शिकव!"

मग घोकंपट्टी सुरू झाली. दुधाच्या पातेल्याला मराहाबा, फ्रीजला मराहाबा, भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोतल्या मालकांना मराहाबा. मालक पूर्वीसारखेच गप्प.

संध्याकाळी फोन लागला. इकडं दगडाबाई जरीच्या पदरात, तिकडं विहीणबाई बाळाला घेऊन ताठ. ही वाट बघते शिकामूची, तीही वाट बघते शिकामूची! फोटोवाला "हलू नका" म्हणून चहाला निघून गेल्यासारख्या दोघी बसल्या.

"आई? आई! हँग झालं वाटतं," अंगद म्हणाला. फोन कट!

"हँग झाला आसंल तुझा बाप!" दगडाबाई ओरडल्या. पण ऐकायला होतं कोण? बाळाचं तोंडसुद्धा धड दिसलं नव्हतं. फ्रीज तेवढा घुरघुरत होता.

बऱ्याच वेळानं त्यांनी जिन्याखालून हाक मारली. "रेहेमे, ये गं खाली. लाव फोन परत."

"मराहाबा म्हणणार?"

"नाय. ते दुसरं."

फोन लागला. वाघिणीनं गवत चघळावं तशा तोंडानं दगडाबाई म्हणाल्या, "शिकामू!"

विहीणबाईंचा चेहरा असा फुलला म्हणता! "मराहाबा!" म्हणत त्यांनी बाळ पडद्याला चिकटवलं, दगडाबाईंकडं बोट केलं आणि धबधब्यासारख्या सुरू झाल्या.

"काय म्हणती गं?"

"बाळाला सांगतायत, ही तुझी आजी. आणि विचारतायत, घरी सगळी माणसं कशी आहेत?"

दगडाबाईंनी पदर सावरला. "सांग, घर गच्च भरलेलं हाय. पाय ठेवायला जागा नाय!"

रेहेमानं सांगितलं. विहीणबाई टाळी वाजवून हसल्या.

"आजी, त्या म्हणतात, दाखवा ना सगळ्यांना!"

दगडाबाईंनी रेहेमाचं मनगट धरून तिला खस्सकन पडद्यात ओढलं.

"ही एक बघा. बाकीची समदी बाजाराला गेलीत, म्हणून सांग!"