चंद्रीमागं अडतीस

साडेसात वाजले तरी शिनोलीच्या रस्त्यावर एकही धावणारा दिसेना, तेव्हा पारस ओस्तवाल कमानीखाली येरझाऱ्या घालू लागला. कमान उभी होती, कमानीला लाल फीत बांधली होती, केळ्यांच्या फण्या आणि पाण्याचे जार मांडून ठेवले होते. फक्त धावणारी माणसं तेवढी नव्हती.

पारस टोमॅटोचा गर काढणाऱ्या कारखान्यात कर्मचारी विभागात होता. पगार बेताचाच, पण वडिलांचं घोडेगावात कापडाचं दुकान, म्हणून अख्खा कारखाना त्याला 'शेठ' म्हणायचा. आजची धर्मादाय दौड त्यानंच ओढवून घेतली होती. कमानीशेजारी नवीकोरी ॲम्ब्युलन्स उभी होती. मुख्य कचेरीची अट साधी होती. चाळीस कर्मचाऱ्यांनी पाच किलोमीटर पुरे करून आठच्या आत फीत ओलांडली, तर गाडी शिनोलीत राहणार. एक जरी कमी पडला, तरी ती दुसऱ्या शाखेला जाणार.

ही गाडी पारसला का हवी होती, ते कारखान्यात झाडलोट करणाऱ्या अंबाबाईला विचारा. मागच्या साली तिच्या सुनेला रात्री कळा सुरू झाल्या, वेळेवर गाडी मिळाली नाही आणि नातू शौर्य टोमॅटोच्या पिकअपमध्ये, क्रेटांच्या मधोमध जन्माला आला. ती पिकअप पारसनंच मिळवून दिली होती. सगळे हसून हसून सांगायचे. अंबाबाईही हसायची, पण त्या रात्री ती रस्त्यावर प्रत्येक गाडीला कशी आडवी जात होती, ते पारसनं पाहिलं होतं.

शिफ्टवरची माणसं वगळून, हातापाया पडून एकोणचाळीस नावं जमली. चाळिसावं त्यानं स्वतःचं घातलं. पहाटे रस्त्यावर पांढऱ्या फक्कीचे बाण काढत त्यानं निम्मा मार्ग पायी उरकला होता आणि तो मुख्य कचेरीच्या प्राची मॅडमनी हिशोबात धरला होता. उरलेला तो शेवटच्या माणसाबरोबर करणार होता. पण शेवटचा सोडा, पहिलाही येईना.

"मिस्टर ओस्तवाल," पुण्याहून आलेल्या प्राची मॅडम घड्याळ बघत म्हणाल्या, "तुमची माणसं पळतायत की पळून गेलीत?"

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून स्टोअरकीपर दादाभाऊ ओरडत होता. मागं भलताच कल्ला चालला होता.

"शेठ, पोचलो! एकदम फुल्ल! भंडारा उधळला, तुमी कुठं हाय?"

"मी कमानीपाशी! तुम्ही कुठं आहात?"

"घाटात!"

पारसनं कपाळावर हात मारून घेतला. चूक कुठं झाली, ते त्याला लख्ख दिसलं. मॅडमची सूचना होती, की धावणाऱ्यांच्या पुढं पायलट वाहन हवं. ठरलेली बुलेट सकाळच्या थंडीत चालूच होईना. यादीत नसलेला दादाभाऊ फोटोसाठी आपल्या चंद्रीवर बसून आला होता. "शेठ, काय बुलेट घेऊन बसलात? माझी घोडी हाय की!" असं तो म्हणाला आणि पारसनं घाईत मान हलवली. चंद्री म्हणजे बैलगाडा शर्यतीत बैलांच्या पुढं धावणारी घोडी. दहा गावच्या घाटांतली, म्हणजे शर्यतीच्या चढत्या धावपट्ट्यांतली, तिची ख्याती. मागं गलका झाला की घाट गाठायचा, एवढंच तिला आयुष्यात ठाऊक. मागच्यांनाही दुसरं काय ठाऊक होतं?

"अरे, पण रस्त्यावर बाण होते ना?"

"बाण कोन बघतंय राव? घोडी डावीकडं वळली, समदे वळले. आन् चंद्री लगामाला ऐकती व्हय? पर शेठ, आडवाटेनं फिरून अंतर पाचाच्या वरच झालं, चढ धरून!"

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. बाई कडक, पण न्यायाची. "अंतर भरलं असेल तर जागा बदलू. फीत हीच आणि वेळ आठचीच. मी गाडीनं पुढं होते."

पारसनं घाईघाईनं फीत सोडली, गळ्यात टाकली आणि मॅडमच्या गाडीचं दार उघडलं.

"तुम्ही कुठं बसताय?" मॅडम म्हणाल्या. "यादीत चाळिसावे तुम्हीच ना? तुमचा अडीच किलोमीटर मार्ग बाकी आहे. घाट इथून तेवढाच लांब असेल."

गाडी धुरळा उडवत गेली आणि पारस धावू लागला. शाळा सुटल्यापासून तो धावला नव्हता. अंगात इस्त्रीचा शर्ट, पायात चामड्याचे बूट. त्यात त्याचं नवकारशीचं जैन व्रत. सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटं तोंडात पाण्याचा थेंब घालायचा नाही. आई जतनबाईचा शब्द होता तो, मोडायची सोय नव्हती. पहिल्या अर्ध्या किलोमीटरला त्याच्या घशाला कोरड पडली, दुसऱ्याला बूट चावले आणि पुढं तर आपले पाय नेमके कुठं आहेत हेच त्याला कळेना.

घाटाच्या तोंडाशी पोचला तेव्हा सात बावन्न झाले होते. आणि घाटाच्या माथ्यावर गोरख माईक घेऊन उभा! हा एरवी कारखान्यात लेबलं चिकटवायचा, पण शर्यतीत निवेदन करायचा, आणि घाटातला भोंगा दिसल्यावर तो गप्प बसणारा गडी नव्हता.

"आली, आली, आलीऽऽ! शिनोलीची बारी सुटली! एकच बैल जुपलाय मंडळी, पर लई इमानदार!"

पारस वर पोचून कोसळला. कुणीतरी तोंडाला पाण्याची बाटली लावली. त्यानं घड्याळाकडं पाहून तोंड फिरवलं. "एक मिनिट... अजून एक मिनिट..."

दोघांनी त्याच्या गळ्यातली फीत काढून ताणून धरली. एकेक करत सगळे फितीवरून उड्या मारू लागले. फीत धरणाऱ्यांनीही हात बदलून उड्या मारल्या, शेवटी पारस गुडघ्यांवर रांगत पार झाला. मॅडम एकेका नावावर खूण करत होत्या. शेवटी त्यांनी पेन थांबवलं.

"एकोणचाळीस."

गोरखनंसुद्धा माईक खाली घेतला.

"अंबाबाई!" पारस किंचाळला. "अंबाबाई कुठंय? दादाभाऊ, तू सगळे पोचले म्हणालास!"

दादाभाऊचा चेहरा पडला. "घोडीवर बसून मागचं दिसतंय व्हय शेठ? मला वाटलं, आल्या आसतील."

सात सत्तावन्न. मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. त्यांनाही ते जड गेलं असावं, कारण त्या कुणाकडं बघत नव्हत्या. पारसला टोमॅटोचे क्रेट आठवले आणि त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. एका बाईसाठी सगळं केलं आणि नेमकी तीच राहिली!

तेवढ्यात खालून सायरन वाजला. नवीकोरी ॲम्ब्युलन्स खडखडत, भोंगा वाजवत घाट चढत आली. फितीपासून शंभर पावलांवर थांबली. मागचं दार उघडलं आणि अंबाबाई उतरली. पदर खोचला आणि अशी धावत सुटली, की चंद्रीनंही कान टवकारले. फीत ओलांडली तेव्हा आठला वीस सेकंद होते.

"पर तुमी व्हता कुठं?" दादाभाऊ म्हणाला.

"मी? शेठनी काढलेल्या बानांवरून गेले. झाडणारी बाई मी, माझी नजर जिमिनीवरच आसती. कॅनॉलला वळसा घातला, माघारी आले, तर कमानीखाली काळं कुत्रंबी न्हाई! नुसता ह्यो डायव्हर चा पीत बसलेला. त्यालाच म्हनलं, चल बाबा."

"मावशी, ऐका," मॅडम हळूच म्हणाल्या, "तुम्ही ॲम्ब्युलन्समधून आलात. नियमानं हे धरता येणार नाही."

अंबाबाईनं धाप टाकत आधी गाडीकडं पाहिलं, मग मॅडमकडं.

"मंग ही गाडी कशासाठी मागतोय आमी बाई? येळेत मानूस पोचवायलाच ना?"

मॅडम यादीकडं बघत राहिल्या. ठरलेल्या मार्गानं पाच किलोमीटर पुरे केलेलं त्या यादीत एकच नाव होतं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि चाळिसावी खूण केली.

घाटात असा भंडारा उडाला, की मॅडमची गाडी पिवळी झाली. गोरख माईकवर काय ओरडला ते कुणालाच ऐकू आलं नाही. पारसला मात्र उठताच येईना, दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले होते. चौघांनी उचलून त्याला ॲम्ब्युलन्समध्ये आडवं केलं. गाडीच्या कोऱ्या वहीत पहिल्या पानावर, रुग्णाच्या रकान्यात त्याचंच नाव लागलं. अंबाबाई शेजारी बसली आणि तिनं पाण्याची बाटली उघडून त्याच्या हातात दिली.

"प्या आता शेठ," ती म्हणाली. "सूर्य कवाच वर आला."