नवरी मेक टी गो

डेमो तासाची तालीम बायजाआजीसमोर करायची, हे मीच ठरवलं. (घरात तेवढं एकच माणूस रिकामं होतं.) भिवंडीतल्या एका इंग्लिश स्पीकिंग क्लासमध्ये शिक्षिकेची जागा निघाली होती आणि ती मला हवीच होती. नाहीतर बाबा मला गोडाऊनच्या गेटवर ट्रकांची आवक-जावक बघायला बसवणार होते. बी.ए. इंग्लिश करून!

विषय मिळाला ‘मेक’. चहा ‘मेक’ करायचा, होमवर्क मात्र ‘डू’ करायचा. का, ते विचारायचं नाही, पाठ करायचं. शेवटी मुलांनी न बघता सगळं म्हणून दाखवलं, तर नोकरी माझी.

बायजाआजी म्हणजे बाबांची मावशी. अंजूरची धवलारीण, लग्नात प्रत्येक विधीला धवले गाणारी. शाळा तिने बाहेरूनच पाहिलेली. मी ‘मेक टी, मेक द बेड, मेक अ नॉइज’ म्हणत, अर्थ सांगत होते. ती तांदूळ निवडत ऐकत होती.

“आगो, या सुक्का कोन ध्यानात ठेवील? चाल लाव.”

“आजी, हे इंग्लिश आहे. हळद नाही.”

“मंग बस बोंबलत.”

दुसऱ्या दिवशी, डेमोच्याच दिवशी, तिला चष्मा करायला भिवंडीत जायचं होतं, म्हणून ती माझ्याच रिक्षात बसली आणि वर्गात मागच्या बाकावरही. “एक शब्द बोलायचा नाही,” मी बजावलं. (मोठ्या माणसांशी स्पष्ट बोलावं लागतं.)

मी सुरुवात झकास केली. प्रोजेक्टर, रंगीत चित्रं, कॉलेजात कमावलेले उच्चार. मुलं जांभया देत होती. क्लासच्या मालकीण विनिता मॅडमनी एका मुलीला उठवलं, “सांग, चहा?”

“डू टी.”

“आणि अंथरूण?”

“डू बेड.”

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. माझ्या डोळ्यांसमोर गोडाऊनचं गेट उघडलं. आणि मागच्या बाकावरून सूर आला.

“आमची पूर्वी नवरी मेक टी गो, मेक टी…
उठून सकाली मेक बेड गो, मेक बेड…”

पूर्वी म्हणजे मी. धवल्याला नवरी लागते. तिने हाताशी होती ती घेतली.

“आजी!” मी ओरडले. पण मुलांनी ओळ उचलली होती. हळदीत बायका उचलतात तशी, कुणी न सांगता. चहा, अंथरूण, न्याहारी, मैत्री, गोंगाट, चूक. मी दोनदाच म्हटलेलं सगळं आजीच्या तोंडून त्याच क्रमाने येत होतं, आणि अर्थासकट. “सासू हाक मारी, मेक एक्स्क्यूज गो…” तिचे डोळे मिटलेले, हात मांडीवर, आवाज मात्र छपराला भिडलेला. लहानपणापासून किती लग्नांत मी या बाईसमोर मोबाईल बघत बसले होते! आज पहिल्यांदा नुसती बघत राहिले. मॅडमचं तोंड उघडं होतं. माझंही असावं.

मुलांनी सगळं न बघता म्हटलं. नोकरी माझी झाली होती. मी म्हटलं, “आजी, बास आता.”

“अर्ध्यावर सोरला तं नवरी मांडवान उभी रेते. नवरा कं हाय?” तिने डोळे उघडून वर्गभर नवरा शोधला.

नेमके तेव्हाच शेजारच्या वर्गातले गणिताचे सर तणतणत दारात आले. “जरा आवाज…”

“काय नाव तुजा?”

“भाविक,” बिचाऱ्याने सांगून टाकलं.

“भाविक नवरा मेक प्रॉमिस गो, मेक प्रॉमिस…”

मुलांनी बाकं वाजवली. सर लाल झाले. मी कुठल्या रंगाची झाले, ते मला कुणी सांगितलं नाही.

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. “पूर्वी, डेमो अप्रतिम! पण मुलांनी गाणं घरी म्हटलं. पालकांचे फोन येतायत, लग्नाची तारीख विचारतायत. नवरा-बायकोला एकाच शाखेत ठेवायचं नाही, असा आमचा नियम आहे.”

“अहो, आमचं लग्न ठरलेलंच नाही!”

“ते मला माहीत आहे गं. पालकांना कोण समजावणार? इथे तुला घेता येत नाही. जवळच्या शेलार गावात नवी शाखा काढायची आहे. निघाली की पहिलं नाव तुझं.”

“मग भाविक सरांना पाठवा ना शेलारला!”

“त्यांना कसं पाठवू? गणिताला माणूस मिळत नाही,” मॅडम म्हणाल्या. “इंग्लिश काय, तुझी आजीसुद्धा शिकवते.”